ड्यूक नेमका कोणाचा? बव्हेरियाचा तासिलो आणि फ्रँक राजे

आठव्या शतकातल्या बव्हेरियात माणसाच्या जिवाची किंमत कायद्यातच लिहिलेली होती. साध्या स्वतंत्र माणसाचा खून झाला, तर खुन्याने त्याच्या नातलगांना १६० सॉलिडस भरायचे. मेलेला माणूस हुओसी, ड्रोझा, फागाना, हाहिलिंगा किंवा आन्निओना या पाच खानदानांपैकी असेल तर दुप्पट, म्हणजे ३२०. आगिलोल्फिंग घराण्यातला असेल तर चौपट, ६४०. आणि त्या घराण्यातला जो प्रत्यक्ष ड्यूकच्या गादीवर बसला आहे, त्याचे ९६०. सॉलिडस हे मुळात सोन्याचं नाणं, पण बव्हेरियात ते बहुतेक हिशेबापुरतं होतं. देणं भागवलं जाई ते गुरं, हत्यारं किंवा जमीन देऊन. ऱ्हाइनकाठच्या फ्रँकांच्या कायद्यात धडधाकट बैल २ सॉलिडसना धरला आहे, ढाल आणि भाला मिळून २, शिरस्त्राण ६, चिलखत १२. त्या दराने ड्यूकचा जीव म्हणजे ४८० बैल.

याच कलमात पुढे एक वाक्य येतं. ड्यूक नेहमी आगिलोल्फिंग घराण्यातलाच होत आला आहे आणि तसाच व्हायला हवा, कारण पूर्वीच्या राजांनी, म्हणजे बव्हेरियावर सत्ता सांगणाऱ्या फ्रँक राजांनी, त्यांना तसा हक्क दिला. त्या घराण्यातला जो राजाशी निष्ठावान आणि शहाणा असेल, त्याला राजे ड्यूक नेमत असत. वाक्य साधं दिसतं, पण त्यात दोन दावे एकमेकांना चिकटलेले आहेत. गादी रक्ताने मिळते, हा एक. गादी राजा देतो आणि निष्ठेच्या अटीवर देतो, हा दुसरा. दोघांचं जमतंय तोवर अडचण नाही. ज्या दिवशी फाटेल त्या दिवशी कुठला दावा वरचढ, हे कायदा सांगत नाही. बव्हेरियाचा शेवटचा आगिलोल्फिंग ड्यूक तासिलो तिसरा याचं सगळं आयुष्य या उघड्या राहिलेल्या प्रश्नावर उभं होतं, आणि शेवटी त्यावरच कोसळलं.

मुलूख आणि ड्यूकचं काम

तेव्हाचा बव्हेरिया पश्चिमेला लेख नदीपासून पूर्वेला एन्स नदीपर्यंत पसरलेला होता. मधून डॅन्यूब वाहते, दक्षिणेला आल्प्स आणि त्यापलीकडे बोल्झानोपर्यंतचा डोंगरी पट्टा. पश्चिमेला आलेमान, उत्तरेला फ्रँक आणि थुरिंगियन, दक्षिणेला इटलीतले लोंबार्ड, आग्नेयेला कारंतानियाचे स्लाव्ह, पूर्वेला घोडेस्वार आवार. ड्यूकचं मुख्य ठाणं रेगेन्सबुर्ग. जुन्या रोमन छावणीच्या दगडी तटबंदीतलं शहर.

ड्यूकने काय काय करायचं, हे कायद्यात एका अनपेक्षित ठिकाणी सापडतं. बापाला बाजूला सारू पाहणाऱ्या उद्धट मुलाबद्दलचं कलम आहे. त्यात म्हटलंय की बाप जोवर न्यायसभेत वाद घालू शकतो, सैन्याबरोबर चालू शकतो, लोकांचा न्याय करू शकतो, मर्दासारखा घोड्यावर चढू शकतो, हत्यारं नीट पेलू शकतो, बहिरा किंवा आंधळा झालेला नाही आणि राजाची आज्ञा सर्व बाबतींत पार पाडू शकतो, तोवर मुलाने गादीला हात लावायचा नाही. न्याय, सैन्य, शरीराची धमक आणि राजाचा हुकूम: ड्यूकपदाची यापेक्षा नेमकी व्याख्या त्या काळात क्वचितच मिळेल.

न्यायाची व्यवस्था अशी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सभा भरवायची, गरज पडली तर पंधरा दिवसांनी पुन्हा. त्या भागातल्या सगळ्या स्वतंत्र पुरुषांनी यायचं. न येणाऱ्याला १५ सॉलिडस दंड. काउंटने, म्हणजे त्या भागाच्या कारभाऱ्याने, सोबत न्यायाधीश आणायचा आणि कायद्याचं पुस्तकही आणायचं. न्यायाधीशाला निकालातल्या रकमेचा नववा हिस्सा मिळे: ९ सॉलिडसच्या दाव्यात १ सॉलिडस, ३ च्या दाव्यात सॉलिडसचा एक तृतीयांश. पुस्तक सोबत असण्याचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो. भरपाईचा आकडा माणसाच्या दर्जावर ठरत असल्याने, पुस्तक नसेल तर दोन बलवान घराण्यांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरला असता.

सैन्याच्या शिस्तीसाठी वेगळी कलमं आहेत. मोहिमेवर असताना आपल्याच सैन्यात भांडण पेटवलं आणि त्यात माणसं मेली, तर ६०० सॉलिडस दंड. ड्यूकच्या हुकमाशिवाय आपल्याच मुलखात गवत, धान्य लुटलं किंवा घरं जाळली, तर ४०. असे नियम लागत, कारण त्या काळचं सैन्य वाटेवर मिळेल त्यावर जगे. सीमेवर पोचेपर्यंत ते स्वतःच्याच शेतकऱ्यांच्या गंज्यांमधून जाई. तिथे लगाम सुटला की पुढच्या वर्षी धान्यही नाही आणि त्या गावातून लढायला माणूसही नाही.

आणखी एक कलम इथेच सांगून ठेवायला हवं. कोणाही स्वतंत्र बव्हेरियनाचा जीव किंवा वडिलार्जित जमीन घेता येणार नाही. अपवाद तीनच गुन्ह्यांचा. ड्यूकच्या खुनाचा कट, शत्रूला मुलखात बोलावणं, आणि परक्यांकडून शहर काबीज करवण्याची मसलत.

उत्पन्न येई ते जमिनीतून. चर्चच्या जमिनीवर राबणाऱ्यांचे हिशेब कायद्यात दिले आहेत, आणि ड्यूकच्या स्वतःच्या जमिनींवरही साधारण असाच प्रकार असणार. गुलाम कुळाने आठवड्यातले ३ दिवस मालकाच्या शेतात आणि ३ दिवस स्वतःच्या शेतात राबायचं. त्याहून बऱ्या दर्जाच्या कुळाने ३० मापांमागे ३ मापं धान्य द्यायचं, नेमून दिलेली पट्टी नांगरून, पेरून, कुंपण घालून, कापून धान्य कोठारात पोचवायचं, शिवाय जवसाच्या धाग्याची दहावी पेंढी, मधाचं दहावं भांडं, ४ कोंबड्या आणि अंडी. गाडी घेऊन लांबच्या वाहतुकीलाही जावं लागे. याशिवाय बव्हेरियाचं खरं नगद धन म्हणजे मीठ. राइखेनहालच्या खाऱ्या झऱ्यांचं पाणी भट्ट्यांवर आटवून मीठ काढत. ड्यूक साल्झबुर्गच्या चर्चला जी दानं देत आले, त्यांत मिठाच्या या भट्ट्यांचा वाटा मोठा होता.

बापाच्या गादीवर मामाच्या हाताने

तासिलोची आई हिल्त्रुड ही फ्रँक राज्याचा सर्वेसर्वा चार्ल्स मार्टेल याची मुलगी. ७४१ मध्ये मार्टेल वारला. सावत्र आई स्वानाहिल्डच्या सल्ल्याने हिल्त्रुड गुपचूप ऱ्हाइन ओलांडून बव्हेरियाचा ड्यूक ओडिलो याच्याकडे गेली आणि भावांच्या संमतीविना तिने त्याच्याशी लग्न केलं. स्वानाहिल्ड स्वतः आगिलोल्फिंगांच्या नात्यातली. मार्टेलनेच तिला बव्हेरियाच्या स्वारीतून आणलं होतं. तासिलोचा जन्म ७४१ चाच. म्हणजे पिपिन आणि कार्लोमान हे त्याचे मामा, आणि पिपिनचा मुलगा चार्ल्स, ज्याला आपण शार्लमेन म्हणतो, तो त्याचा मामेभाऊ. पुढचं सगळं राजकारण या नात्याच्या आत घडतं.

७४३ मध्ये मामांनी लेख नदीवर ओडिलोचा पराभव केला, तरी गादी त्याच्याकडेच राहिली. ७४८ मध्ये ओडिलो वारला. लगेच ग्रिफो, म्हणजे मार्टेलचा स्वानाहिल्डपासूनचा मुलगा, बव्हेरियात घुसला आणि त्याने हिल्त्रुड आणि लहानग्या तासिलोला ताब्यात घेतलं. पिपिनने येऊन त्याला हाकललं आणि ७४९ मध्ये भाच्याला गादीवर बसवलं. फ्रँक दरबाराच्या वार्षिक नोंदी सांगतात की पिपिनने तासिलोला ड्यूकपद ‘आपल्या कृपेने’ दिलं, जहागीर म्हणून. इथे थांबून पाहायला हवं. पिपिन राजा झाला ७५१ मध्ये. ७४९ मध्ये तो राजमहालाचा कारभारी होता; राजाच्या नावाने कारभार चाले, पण मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर होता. उलट तासिलो हा मेलेल्या ड्यूकचा औरस मुलगा. बव्हेरियनांच्या नजरेत मामाने भाच्याला त्याचंच घर परत मिळवून दिलं. फ्रँकांच्या नजरेत मामाने दान दिलं. त्या वेळी हा फरक बोलून दाखवण्याची गरज कुणालाच पडली नाही.

आईने ७५४ पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत, त्याच्या वतीने कारभार पाहिला. ७५६ मध्ये तासिलो पिपिनसोबत इटलीच्या मोहिमेवर गेला. साधारण त्याच सुमाराला आशहाइमला जमलेल्या बिशपांनी त्याला उद्देशून ठराव लिहिले: वयाने कोवळा असलास तरी धर्मग्रंथांच्या समजुतीत तू पूर्वजांहून पक्व दिसतोस, असं कौतुक करून विधवा, अनाथ आणि गरिबांचं रक्षण कर, असं त्याला बजावलं आहे.

७५७ ची शपथ: काय झालं आणि काय लिहिलं गेलं

आता सगळ्यात वादाचा भाग. दरबारी नोंदींप्रमाणे ७५७ मध्ये तासिलो कॉम्पिएनला आला, त्याने आपले जोडलेले हात पिपिनच्या हातांत ठेवले, स्वतःला मांडलिक म्हणून वाहून घेतलं आणि संत देनी, रुस्तिकुस, एलेउतेरिउस, जेर्मानुस आणि मार्टिन यांच्या अवशेषांवर हात ठेवून आजन्म निष्ठेच्या अगणित शपथा घेतल्या. त्याच्या बरोबरच्या सरदारांनीही घेतल्या. पुढे ७६३ मध्ये आक्विटेनच्या स्वारीत तो नव्हेरहून आजाराचं निमित्त करून सैन्य सोडून गेला, आणि पुन्हा राजाचं तोंड पाहणार नाही असं म्हणाला.

या नोंदी लिहिल्या गेल्या ७८८ नंतर, साधारण ७९० च्या आसपास. म्हणजे तासिलोला दोषी ठरवून मठात टाकल्यावर. त्यांत ७५७ चं वर्णन इतकं तपशीलवार आहे की आरोपपत्राला लागणारी प्रत्येक वस्तू तिथे हजर दिसते: हात, अवशेष, शपथा, साक्षीदार. म्हणूनच आजचे बरेच इतिहासकार या वर्णनाकडे संशयाने पाहतात. माझं मत विचाराल तर १६ वर्षांचा, नुकता जाणता झालेला ड्यूक मामाकडे गेला आणि त्याने निष्ठेची काही शपथ घेतली, इतकं मानायला हरकत नाही. बड्या सरदारांनी एकमेकांशी अशा शपथा घेणं सर्रास होतं. पण त्या शपथेचा जो अर्थ मागाहून लावला गेला, तो तेव्हाच ठरलेला होता असं मानणं कठीण आहे. ७६३ च्या ‘पळून जाण्या’चंही तसंच. ते खरोखर मृत्युदंडाचं प्रकरण असतं तर पिपिनने बव्हेरियावर चाल केली असती. ७६८ मध्ये तो वारला, तोवर त्याने ती केली नाही.

यावर उतारा म्हणजे जे त्या त्या वेळी लिहिलं गेलं ते वाचणं. फ्रायझिंगच्या चर्चच्या दानपत्रांवर तारीख तासिलोच्या कारकिर्दीच्या वर्षांत घातलेली आहे. साल्झबुर्गच्या मठात ७८४ मध्ये प्रार्थनेत आठवण ठेवायच्या माणसांची वही सुरू झाली. त्यात हयात राजांच्या यादीत चार्ल्स आणि त्याचं कुटुंब आहे, आणि हयात ड्यूकांच्या स्वतंत्र यादीत तासिलो, त्याची बायको लिउटपेर्गा, मुलगा थेओडो, मुली कोटानी आणि ह्रोट्रुड. लिहिणाऱ्याने दोन्ही घराण्यांना आपापली जागा दिली. ७८४ मध्ये बव्हेरियातल्या शहाण्या माणसाला व्यवस्था अशी दिसत होती: वर राजा आहे, आणि इथे ड्यूकचं घर आहे.

स्वतःच्या बळावरची वर्षं

७६३ नंतरची वीस वर्षं तासिलोने जवळजवळ राजासारखी काढली. लग्न केलं ते लोंबार्ड राजा देसिडेरियसच्या मुलीशी. देसिडेरियसची दुसरी मुलगी बेनेव्हेंतोच्या ड्यूकला दिलेली, आणखी एक काही काळ चार्ल्सला. या सोयरिकीमुळे आल्प्सचे घाट दोन्ही बाजूंनी मित्रांच्या हातात आले. ७७० च्या सुमाराला फुल्डाच्या मठाधिपती स्टुर्मने मध्यस्थी करून चार्ल्स आणि तासिलो यांच्यात सलोखा घडवला. ७७२ मध्ये पोप हेड्रियनने थेओडोचा बाप्तिस्मा रोममध्ये केला. राजांच्या मुलांना मिळावा तसा हा मान.

चर्चच्या बाबतीत तासिलोचं काम पाहण्यासारखं आहे. ७३९ मध्ये धर्मप्रचारक बोनिफेसने साल्झबुर्ग, फ्रायझिंग, रेगेन्सबुर्ग आणि पासाऊ असे चार धर्मप्रांत आखून दिले होते. तासिलोने त्यावर मठांचं जाळं विणलं, आणि जागा निवडताना नकाशा डोळ्यांसमोर ठेवला. ७६९ मध्ये इटलीहून परतताना बोल्झानोला असताना त्याने इनिखेनची जमीन मठाधिपती आट्टोला दिली, स्लाव्हांच्या धर्मांतरासाठी. इनिखेन डोंगरातून कारंतानियाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. तीन वर्षांनी त्याने कारंतानियाचा पराभव केला. ७७७ मध्ये पूर्व सीमेजवळ क्रेम्समुन्स्टर स्थापन केलं. त्याच्या दानपत्रात जमिनीबरोबर द्राक्षमळे आणि ते राखणारी माणसं, मधमाश्या पाळणारे, लोहार, झुल्झबाखचं मिठागर आणि तिथे मीठ उकळणारे ३ जण, आणि स्लाव्हांची एक वसाहत तिच्या कराच्या देण्यासकट दिलेली आहे. तिच्या म्होरक्यांची नावंही आहेत: टालिउप, स्पारुना आणि फिसो नावाचा मुखिया. मठ चालायला नेमकं काय लागतं, याची ही जंत्रीच म्हणायची. प्रार्थनेला वाइन हवी, दिव्याला मेण हवं, नांगराला लोखंड हवं आणि मांस टिकवायला मीठ हवं. क्रेम्समुन्स्टरमध्ये आजही जपलेला तासिलोचा चषक, तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला, सुमारे २५ सेंटीमीटर उंच, त्याच्यावर दोघांची नावं आहेत: ‘तासिलो, पराक्रमी ड्यूक’ आणि ‘लिउटपिर्क’, तिला राजवंशाची म्हणणाऱ्या बिरुदासह. एका साध्या जहागीरदाराच्या घरातली ही भाषा नव्हे.

७७१ च्या नॉयखिंगच्या सभेत गुलामांना मुलखाबाहेर विकण्यावर बंदी आली. डिंगोल्फिंगच्या सभेत बिशप आणि मठाधिपतींनी करार केला की आपल्यातला कुणी गेला की बाकीच्यांनी प्रत्येकी १०० प्रार्थनाविधी आणि तितकीच स्तोत्रपठणं करायची. त्याच डिंगोल्फिंगमध्ये एक ठराव झाला, त्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. ड्यूकच्या पूर्वजांनी सरदारांना जे दिलं, ते त्यांच्याकडे राहील आणि त्यांनी ते मुलांना द्यावं. जोवर ते ड्यूकच्या सेवेच्या करारात पक्के राहतात, तोवर. म्हणजे राजाने ड्यूकला लावलेली अट ड्यूकने जशीच्या तशी सरदारांना लावली. वंशपरंपरा मान्य, पण निष्ठेच्या अटीवर. या अटीचा अर्थ कोण लावणार, हा प्रश्न खालीही तितकाच उघडा होता.

आधार कसे गळाले

पहिला आधार गेला ७७४ मध्ये. चार्ल्सने पाव्हिया घेतलं, देसिडेरियसला पदच्युत केलं आणि स्वतः लोंबार्डांचा राजा झाला. बव्हेरियाची दक्षिण सीमा, जी सासऱ्याची होती, ती एका वर्षात मामेभावाची झाली. आता पश्चिम, उत्तर आणि दक्षिण या तिन्ही बाजूंना एकच राजा.

दुसरा आधार म्हणजे स्वतःचेच सरदार आणि बिशप. हा बारकाईने पाहावा लागतो. पश्चिम बव्हेरियातल्या हुओसींसारख्या खानदानांचं वजन लेखच्या बाजूला, फ्रँकांच्या अंगाला होतं. पंचाईत झाली की त्यांना एका धन्याची निवड करणं भाग, आणि ज्याच्याकडे लष्कर मोठं त्याच्याकडे कल झुकणार. फ्रायझिंगचा बिशप आर्बेओ याच्याबद्दल पुढे ८०४ च्या एका खटल्यात नोंद झाली की तासिलो आणि लिउटपेर्गाने फ्रायझिंगकडून काही चर्चं काढून घेतली होती, कारण आर्बेओ त्यांच्यापेक्षा चार्ल्स आणि फ्रँकांशी अधिक निष्ठावान होता. जमीन काढून घेणं हेच ड्यूकच्या हातातलं मुख्य हत्यार. पण ते वापरलं की दुखावलेला माणूस थेट वरच्या धन्याकडे जाई. वर धनी नसता तर हेच हत्यार चाललं असतं.

तिसरा आधार पोप. ७८१ मध्ये रोमला गेलेल्या चार्ल्सने पोपला सोबत घेतलं, आणि दोघांच्या दूतांनी मिळून तासिलोला पिपिनला दिलेल्या शपथांची आठवण करून दिली. तासिलो वोर्म्सला आला, शपथ पुन्हा घेतली, १२ ओलीस दिले. ७८४ मध्ये बोल्झानोजवळ बव्हेरियन आणि फ्रँक सैन्याची चकमक झाली. ७८७ मध्ये तासिलोने साल्झबुर्गचा बिशप आर्न आणि मोंडझेचा मठाधिपती हुनरिक यांना मध्यस्थीसाठी रोमला धाडलं. चार्ल्सही तेव्हा तिथेच होता. तो म्हणाला, करार आत्ता करू. दूत म्हणाले, आम्हाला तेवढा अधिकार नाही. पोपने ते ढोंग ठरवलं आणि बजावलं: तासिलोने शपथ पाळली नाही तर तो बहिष्कृत, आणि मग होणाऱ्या रक्तपाताचं पाप राजाला लागणार नाही. पोपच्या या एका वाक्याने लढाईआधीच निम्मा निकाल लागला. बहिष्कृत ड्यूकसाठी लढणं म्हणजे आता आत्म्याचं नुकसान. ज्यांना मागे हटायला कारण हवं होतं त्यांना ते मिळालं.

तीन सैन्यं, एक काठी

चार्ल्सने बोलावलं, तासिलो गेला नाही. मग तीन सैन्यं निघाली. चार्ल्स स्वतः पश्चिमेकडून आउग्सबुर्गजवळच्या लेखफेल्डवर. दुसरं, पूर्व फ्रँक, थुरिंगियन आणि सॅक्सन मिळून, डॅन्यूबकाठी प्फोरिंगला. तिसरं इटलीतून, चार्ल्सचा पोरवयाचा मुलगा पिपिन ट्रेंटोला थांबला आणि सैन्य बोल्झानोपर्यंत गेलं. बव्हेरियात शिरण्याच्या तिन्ही वाटा बंद. अशा कोंडीत बचावाची एकच रीत असते: एका सैन्यावर झडप घालून ते मोडायचं आणि मग दुसऱ्याकडे वळायचं. त्यासाठी सगळे सरदार एकदिलाने सोबत लागतात. दरबारी नोंद म्हणते की बव्हेरियन लोक तासिलोपेक्षा राजाशी निष्ठावान होते. विजेत्याचं वाक्य असलं तरी लढाई झालीच नाही, हे खरं.

३ ऑक्टोबर ७८७ ला तासिलो लेखफेल्डवर आला. टोकाला माणसाचं मुंडकं कोरलेली काठी चार्ल्सच्या हातात देऊन त्याने ड्यूकपद सोडलं आणि जहागीर म्हणून परत घेतलं. १२ ओलीस दिले, तेरावा स्वतःचा मुलगा थेओडो. चाळीस वर्षं लोंबकळत असलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे उघड्या मैदानात, सगळ्यांसमोर दिलं गेलं: गादी राजाची. ७५७ बद्दल शंका घेता येते, ७८७ बद्दल नाही.

त्यापुढचं सगळं भराभर झालं. जून ७८८ मध्ये इंगेलहाइमच्या सभेला तासिलोला बोलावलं आणि तिथे अटक झाली. आरोप करणारे बव्हेरियनच होते: याने बायकोच्या चिथावणीने आवारांकडे दूत पाठवले, राजाच्या माणसांच्या जिवावर उठला, आणि म्हणाला की दहा मुलगे असते तरी सगळे गमावीन पण हा करार पाळणार नाही. शत्रूला मुलखात बोलावणं हा बव्हेरियाच्या स्वतःच्या कायद्यातला मृत्युदंडाचा गुन्हा, हे वर आलंच आहे. तरीही सभेने निकाल देताना आठवण काढली ती २५ वर्षांपूर्वी सैन्य सोडून जाण्याची, जिला लोकभाषेत ‘हारिसलिझ’ म्हणत. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. आवारांचा कट सिद्ध करायला कागद नव्हता. सैन्य सोडून जाणं जुन्या लोकांना माहीत होतं, आणि फ्रँक, सॅक्सन, लोंबार्ड अशा सगळ्या जमातींच्या सभासदांना तो गुन्हा एकसारखा कळत होता.

मृत्युदंड सुनावला गेला. नात्याचा आदर म्हणून चार्ल्सने तो माफ केला. तासिलोने मठात जाण्याची परवानगी मागितली, आणि भर दरबारात मुंडन नको एवढी विनंती केली. लांब केस आणि दाढी ही स्वतंत्र योद्ध्याची इभ्रत होती, ती फ्रँकांसमोर उतरवायची नव्हती. विनंती मान्य झाली. ६ जुलैला झांक्ट गोआरला मुंडन करून त्याला ज्युमिएजच्या मठात पाठवलं. थेओडो ट्रियरच्या मठात. एक मुलगी शेलला, दुसरी लाँला. लिउटपेर्गानेही साध्वीचं वस्त्र घेतलं. वंश पुढे चालेल असं कुणीच बाहेर ठेवलं नाही.

नंतरचे कागद

ड्यूक हटवणं सोपं होतं. त्याने चाळीस वर्षांत दिलेल्या दानांचं काय, हे अवघड. ऑक्टोबर ७८८ मध्येच चार्ल्सने कीमझेचा मठ मेत्सच्या बिशप आंगिलरामला देऊन टाकला, आणि सनदेत लिहिलं की ओडिलो आणि ‘आमचा नातलग’ तासिलो यांनी बव्हेरिया फ्रँक राज्यापासून कपटाने तोडला होता. बापाचंही नाव घातलं, हे लक्षात घ्या. दोन पिढ्यांची सत्ताच बेकायदा ठरली की दोन पिढ्यांची दानंही अधांतरी लोंबकळतात. साल्झबुर्गच्या आर्नला हे तत्काळ कळलं. त्याने खूप म्हाताऱ्या आणि विश्वासू माणसांना, साधूंना आणि गृहस्थांना विचारून आपल्या चर्चच्या सगळ्या मालमत्तेची यादी राजाच्या परवानगीने करवून घेतली. कुठलं गाव, कुठल्या भट्ट्या, कुणी दिल्या. मग ७९० मध्ये चार्ल्सकडून त्याला मान्यता मिळवली. क्रेम्समुन्स्टरनेही ७९१ मध्ये तेच केलं. नवा ड्यूक नेमलाच गेला नाही. चार्ल्सचा मेव्हणा गेरोल्ड सुभेदार म्हणून आला, आणि ७९९ मध्ये आवारांविरुद्ध लढताना मारला गेला.

मात्र एक कागद अजून राहिला होता. ७९४ मध्ये फ्रँकफुर्टला मोठी धर्मसभा भरली. तिथे मठातल्या तासिलोला पुन्हा आणून उभं केलं. त्याने पिपिनच्या आणि चार्ल्सच्या काळातल्या अपराधांची क्षमा मागितली, आणि बव्हेरियात त्याचा, त्याच्या मुलांचा आणि मुलींचा कायद्याने जो काही हक्क आणि जी काही मालमत्ता होती तिच्यावरचा दावा सोडला. सहा वर्षांपूर्वी मृत्युदंड झालेल्या, मुंडन केलेल्या माणसाकडून हे लिहून घ्यावं लागलं. जहागीर असती तर राजाने काढून घेतली की संपली होती. रक्ताने आलेला हक्क ज्याचा आहे त्यानेच सोडावा लागतो, मुलामुलींचं नाव घेऊन. चार्ल्सच्या वकिलांनी हे ओळखलं होतं, म्हणून मजकुराच्या तीन प्रती केल्या: एक राजवाड्यात, एक राजवाड्यातल्या प्रार्थनागृहात, आणि एक तासिलोच्या हातात, मठात सोबत न्यायला.